शेपटीवरच्या तीन रेघा

माझ्या फजित्या आमच्या कॉलेजात पोरांना पाठ आहेत. मुलाखतीला दोन वेगळ्या रंगांचे बूट घालून गेलो ती. मेव्हण्याच्या लग्नात शेजारच्याच मंडपात जेवलो, आहेर देऊन आलो, वर त्या अनोळखी नवरदेवाला संसाराचे चार शब्दही सांगून आलो ती. मीच सांगतो आणि सगळ्यांच्या आधी मीच हसतो. जो माणूस स्वतःच्या एवढ्या चुका चारचौघांत वाटत फिरतो, त्याच्याकडं लपवायला काही उरलं असेल असं कोणाला वाटतच नाही — ही सोय मला फार लवकर कळली.

एक गोष्ट मात्र त्या वाटपात कधी आली नाही. बायकोजवळ नाही, दोन पेग पोटात गेल्यावर मित्रांजवळ नाही. सात वर्षं झाली. आज लिहितोय, कारण बोलायला बसलो तर मध्येच काहीतरी विनोद करून विषय फिरवीन, याची मला खात्री आहे. कागदावरही फिरवीनच म्हणा — पण तुम्ही पान उलटून मागं जाऊ शकता, एवढा फरक.

तर काम काय करतो ते आधी सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. झाडपाल्याचे अर्क काढायचे, पांढऱ्या उंदरांना पाजायचे आणि त्यांना त्रास होतो का ते बघायचं, हे माझं संशोधन. ऐकायला क्रूर वाटतं, आहेही. पण त्याच्यामागं एक साधा विचार आहे — माणसाच्या पोटात जाण्याआधी ते दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात जाऊन यावं. पहिली चाचणी अशी असते: तीन माद्या घ्यायच्या, माणूस घेईल त्याच्या कितीतरी पट अर्क एकदाच पाजायचा आणि चौदा दिवस नजर ठेवायची. एकही मेली नाही तर आणखी तिघी घेऊन पुन्हा तेच. आणि समजा एक मेली — तर मेली असं लिहायचं, तिला उघडून आत काय झालं ते बघायचं, तेही लिहायचं, आणि पुढच्या तिघी घ्यायच्या. एका मरणानं चाचणी बुडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो नव्हतो. मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

अर्क पाजायचा तो टोकाला बारीक मणी असलेल्या वाकड्या सुईनं. उंदीर मुठीत धरायचा, मान सरळ करायची, सुई जिभेवरून घशात सोडायची. ती अन्ननलिकेत गेली तर लोण्यात गेल्यासारखी जाते. श्वासनलिकेत गेली तर औषध फुप्फुसात, आणि जनावर काही मिनिटांत जातं; थोडंसंच गेलं असेल तर दोन-तीन दिवस काढून जातं. यात माझा हात — आता स्वतःच सांगतो — विदर्भात नाव घेण्यासारखा होता. दुसऱ्या कॉलेजातली पोरं शिकायला यायची. बाकी आयुष्यात मी दरवाजा ढकलायचा तिथं ओढतो, पण सुई हातात आली की चुकत नाही. माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतं. मला हे सापडलं.

आणि इथं प्रणाली येते.

प्रणाली उमरखेडची. माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कमी बोलायची, वही फार नीट ठेवायची. पहिल्याच वर्षी तिच्या हातून सुई चुकली, उंदीर तिच्या मुठीतच गेला. तिनं काय केलं असेल? हात धुतले, वही उघडली आणि सगळ्यांसमोर लिहिलं — ‘डोस देताना माझ्या चुकीनं मृत्यू’, खाली सही. मग त्याला उघडून फुप्फुसं बघितली, तेही लिहिलं. संपलं. याच्यात हसण्यासारखं काय होतं? काही नाही. पण मी हसलो. वर्षभर हसलो. ती प्राणीघरात शिरली की मी पिंजऱ्यांकडं बघून म्हणायचो, “ऐका रे, प्रणाली मॅडम येऊन राह्यल्या. वारसदारांची नावं लिहून ठेवा.” पोरं हसायची. ती पण हसायची — थोडीशी, ओठांनी. एकदा फक्त म्हणाली, “सर, मी लिहिलं म्हणून तरी तुमाले माहीत झालं.” मी तेही हसण्यावारी नेलं.

त्याच वर्षी याडीचं औषध आमच्याकडं आलं.

फुलसावंगीकडं एका बंजारा तांड्यावर ही म्हातारी राहायची. तांड्यावर आईला याडी म्हणतात. हिला सगळेच याडी म्हणायचे, मीही. गुडघेदुखीवर ती एका झाडाच्या सालीचा काढा द्यायची. झाडाचं नाव मी लिहीत नाही. वाचून कोणीतरी साल सोलायला जाईल, माझा लोकांवर विश्वास नाही आणि माझ्यावर तर नाहीच. तिची रीत ठरलेली — चार दिवस काढा घ्यायचा, मग आठ दिवस खाडा. कोणी कितीही गयावया केली तरी पाचव्या दिवशी द्यायची नाही. कारण विचारलं तर म्हणायची, “माह्या सासूनं सांगतलं तसं.” आम्हाला हे असलं ऐकलं की फार गंमत वाटते. आमच्याकडं मोजायची यंत्रं असतात ना.

साल आणली, वाळवली, अर्क काढला. एका शुक्रवारी सकाळी पहिल्या तिघींना डोस दिला. मी दिला, प्रणालीनं वजनं लिहिली. कोणती कोणती ते कळावं म्हणून शेपटीवर मार्करनं रेघा काढतात — पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. रेघा पुसट होतात, चाटून जातात, मग दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओढायच्या. इतकी साधी ओळख. आधार कार्ड नाही, फोटो नाही. पेन ज्याच्या हातात, ओळख त्याच्या हातात.

शनिवारी तिघी ठीक. तिसरी जरा कोपऱ्यात बसून होती, केस पिंजारलेले. मी वहीत लिहिलं, ‘सामान्य’. दुपारी प्रणाली घरी गेली, चुलतबहिणीचं साक्षगंध होतं. जाताना म्हणाली, “सर, तीन नंबरवर लक्ष ठेवजा.” मी म्हटलं, तू जेवून ये बिनधास्त.

रविवारी सकाळी साडेसातला प्राणीघर उघडलं. तीन रेघांची मेली होती. भुशावर आडवी.

आता इथं मी थोडा थांबतो. म्हणजे तेव्हाही थांबलो होतो — पिंजऱ्यासमोर, हातात किल्ली घेऊन, त्याच पिंजऱ्यातल्या उरलेल्या दोघी माझ्याकडं बघताहेत आणि मी त्यांच्याकडं. डोक्यात पहिलं काय आलं असेल? ‘औषध विषारी आहे का?’ — हे यायला पाहिजे होतं. पगार त्याचा घेतो. पण पहिलं आलं ते हे — हात चुकला. माझा. आणि लगेच दुसरं — प्रणाली उद्या येईल आणि काही बोलणार नाही. ती काही बोलली नसती हेच मला सहन होणार नव्हतं. पोरं बोलली असती. वर्षभर मी जे वाटलं ते मला परत मिळालं असतं.

उघडून बघायचं, एवढंच होतं. ट्रे तिथंच होता, कात्री तिथंच. दहा मिनिटांचं काम. फुप्फुसात पाणी दिसलं असतं तर माझा हात. फुप्फुसं स्वच्छ आणि यकृत पिवळं, फुगलेलं दिसलं असतं तर औषध. दोन्हींपैकी काहीतरी एक नक्की कळलं असतं. पण फुप्फुसात पाणी दिसलं तर? ते मला बघायचं नव्हतं. आणि बघितलं की लिहावं लागतं. म्हणून मी उघडलं नाही.

त्याऐवजी काय केलं ते सांगतो. साठ्याच्या पिंजऱ्यातून, म्हणजे अजून प्रयोगात न घेतलेल्यांतून, तेवढीच दिसणारी एक मादी काढली. तिच्या शेपटीवर तीन रेघा ओढल्या — आणि बघा कसा हुशार, थोड्या पुसट ओढल्या, दोन दिवस जुन्या वाटाव्यात म्हणून. मेलेलीच्या शेपटीवरच्या रेघा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या. साठ्याच्या वहीत लिहिलं, ‘आपसात भांडून एक मृत’. साठ्यातल्या मरणाबद्दल कोणी काही विचारत नाही. जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घातली, गाडी आली की जाईल. आठ वाजायच्या आत सगळं झालं. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. चांगले लागले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी प्रणाली आली. तीन नंबरला उचललं, वजन केलं. म्हणाली, “अकरा ग्राम वाढली हो सर.” मी म्हटलं, बरी झाली. ती तिच्याकडं बघत राहिली, मग वहीत लिहिलं. तिला कळलं असेल का? शेपटी बघितली होती तिनं. पण गुरूनं मादी बदलली असेल असा संशय घ्यायला माणूस माझ्यासारखा असावा लागतो. ती नव्हती.

पुढच्या तिघींनाही डोस दिला. त्या जगल्या. एक जरा मंदावली होती, तीही ‘सामान्य’. पेपर छापून आला — सहाच्या सहा जिवंत, कोणतीही लक्षणं नाहीत, उलट वजनात समाधानकारक वाढ. ती अकरा ग्रामची वाढ आमच्या प्राचार्यांना इतकी आवडली की बैठकीत वाचून दाखवली. पेपरवर पहिलं नाव माझं. दुसरं प्रणालीचं. जी पोरगी स्वतःच्या हातून मेलेला उंदीर सही करून लिहिते, तिचं नाव मी या कागदावर घातलं. ती अजून तो पेपर आपल्या बायोडाटात लिहिते. मी बघितलाय.

चिडचिड कशाची होते सांगू? कोणी पकडलं नाही याची. खरंच. तपासणीला समिती आली, वह्या बघितल्या, शिक्के मारले, आमच्या प्राणीघराच्या स्वच्छतेचं कौतुक करून गेली. एकानं जरी विचारलं असतं — रविवारी साठ्यातली एक मेली आणि त्याच दिवसापासून तीन नंबरचं वजन वाढलं, हे कसं हो? दोन्ही वह्या एकाच टेबलावर होत्या. शेजारीशेजारी. पण आता मी दुसऱ्यांवर चिडतोय, हे लक्षात येतंय माझ्या. ते राहू द्या.

पेपराची एक प्रत घेऊन मी तांड्यावर गेलो. मोठेपणा — दुसरं काय. याडी दारात बसून गोधडी शिवत होती. तिचा मुलगा विलास आत मोबाइलवर बोलत होता. मी सांगितलं, याडी, तुझं औषध पास झालं.

तिनं सुई थांबवली. “उंदरं जगले सारे?”

“सारे.”

“येकही नाही मेला?”

“नाही ना याडी.”

तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली. मग म्हणाली, “मंग माही बकरी कायले मेली असन?”

तिच्या बकरीनं एकदा वाळत घातलेली साल खाल्ली होती. पोटभर. तीन दिवस कोपऱ्यात उभी राहिली, डोळे पिवळे झाले आणि गेली. सासूनं सांगितलेल्या खाड्यावर तिचा विश्वास त्या दिवसापासून पक्का बसला होता. हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, कारण मी आधी विचारलं नव्हतं. मी झाडाचं शास्त्रीय नाव विचारलं होतं.

तीन दिवस कोपऱ्यात उभी. तीन नंबरचीही कोपऱ्यातच बसली होती. बोलायला यापेक्षा चांगली वेळ कोणती मिळणार होती? समोर म्हातारी, मनात शंका घेऊन बसलेली, स्वतःच विचारतेय. मी म्हटलं, बकरीला दुसरं काही झालं असेल.

“असन,” ती म्हणाली. “तुमी शिकेल लोकं. मले काय समजते.”

पुढं विलासनं सालीची पाकिटं विकायला काढली. ‘प्रयोगशाळेत तपासलेले, निर्धोक’ असं हिरव्या अक्षरांत. रोज दोन वेळा घ्या, असंही. खाडा गेला. गिऱ्हाइकाला खाडा आवडत नाही, आणि आता तर शास्त्रही बाजूनं. आणि याडी — जिनं आयुष्यभर कोणाला पाचव्या दिवशी काढा दिला नाही — ती स्वतःच्या गुडघ्यांसाठी रोज घ्यायला लागली. मला फोनवर सांगितलं तिनं, खुशीत. “मास्तर, आता आंगणातून विहिरीलोक चालत जातो.” मी म्हटलं, जप. काय जप? कशाला जप? ते सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली. विलासनं यवतमाळला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. “सर, डाक्टर विचारून राह्यले का बाई झाडपाला खाते का. मी तुमचा कागद देल्ला. तुमी या ना जरा.” मी गेलो. डॉक्टर तरुण होता, हुशार होता. हातात पेपर होता, वाचलेला. त्यानं नेमकं विचारलं, “सर, हे तुम्हीच केलंय ना? लिव्हरचं काहीच आढळलं नव्हतं?”

खोलीत चौघंच. तो, मी, विलास आणि पलंगावर याडी. तिचे डोळे हळदीसारखे. ती माझ्याआधी बोलली, “नाई हो डाक्टर, थे औषद तपासेल हाय. मास्तरनं सोताच्या हातानं तपासलं. त्याईले विचारा.”

मी म्हटलं, “नाही. काहीच आढळलं नव्हतं.”

एका अर्थी खरंच होतं ते — न बघितलेल्याला आढळत नाही. हा विनोद मला तिथंच, त्या खोलीत सुचला. मला माझ्याबद्दल काय वाटतं ते यावरून बघा.

डॉक्टरनं मान हलवली आणि दुसरी कारणं शोधायला लागला. आठवडाभर ती दवाखान्यात होती, सलाइनवर, साध्या वरणभातावर. काढा अर्थात बंद. कावीळ उतरत गेली, भूक लागली. घरी आली. आणि घरी आल्यावर तपासलेलं औषध पुन्हा सुरू. पावणेदोन महिन्यांत डोळे पुन्हा पिवळे, या वेळी पोटही फुगलं. त्या पावणेदोन महिन्यांत माझ्या खिशात मोबाइल होता. फुलसावंगीची एसटी माझ्या कॉलेजासमोरून जाते. दुसऱ्या वेळी ती घरी आली नाही.

तेराव्याला गेलो. विलासला बाजूला घेतलं आणि म्हटलं, सरकारचा नवीन नियम आलाय, विनापरवाना पाकिटं विकली तर केस होते, बंद कर. असा काही नियम आलाय की नाही मला माहीत नव्हतं, मी बघितलंही नव्हतं. खरं थांबवायलाही मला खोटंच लागलं. त्यानं बंद केलं. वर म्हणाला, “बरं झालं सर, तुमी सांगतलं. आपलं माणूस पाह्यजे.”

मग इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. ती अशी — कळायला मार्ग नाही. तीन नंबरची कशानं मेली? कदाचित माझा हात चुकला असेल, आणि तसं असेल तर औषध निर्दोष, म्हणजे याडीचं दुखणं वेगळं. म्हातारी होती. शंभर कारणं असतात. किती सोयीचं आहे बघा — जी चूक कोणाला दिसू नये म्हणून मी मादी बदलली, तीच चूक नंतर मी रोज रात्री उशाला घेऊन झोपायला लागलो. हात चुकला असेल. चुकलाच असेल.

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर औषधांचे दुष्परिणाम शिकवत होतो. दुखणं औषधामुळंच आहे हे ओळखायचं कसं? फळ्यावर मीच लिहिलं: औषध बंद केलं — बरं वाटलं. औषध पुन्हा सुरू केलं — तेच दुखणं परत. याहून भक्कम पुरावा सहसा मिळत नाही. हे मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेला दरवर्षी येतं. एका पोरीनं विचारलं, “सर, पण माणसाला मुद्दाम पुन्हा कोण देईल?” मी म्हटलं, मुद्दाम कोणी देत नाही. आणि डस्टर शोधायला लागलो. डस्टर हातातच होतं.

त्या शुक्रवारची सुई मला आठवते. आठवण्यासारखं काही नव्हतं म्हणून आजवर आठवून बघितलं नव्हतं. मुठीत धरली, मान सरळ केली, सुई सोडली. कुठं अडली नाही, ती खोकली नाही, नाकातून थेंब आला नाही. लोण्यात गेल्यासारखी गेली. माझा हात चुकला नव्हता. आयुष्यभर मी केलेल्या चुकांच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलं, आणि जी एकच लपवली ती मी केलेलीच नव्हती. ती लपवायला जे केलं, ते मात्र मीच केलं.

तीन नंबरची मादी त्या सालीच्या अर्कानं मेली. याडीही त्यानंच गेली. मादी मेल्यापासून याडीला सांगायला माझ्याकडं चार वर्षं होती, आणि बकरी का मेली हे तिनं मला स्वतःच विचारलं होतं.